काशीच्या सहा चड्ड्या

काशीला जन्म दिला माझ्या धाकट्या जावेने, पण वाढवली मी, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पोर साडेचार महिन्यांची होती तेव्हा तिची आई नीरा खोकताना रक्त थुंकली. माझा दीर अनंता मुंबईला गिरणीत कामाला होता. तो धावत आला, बायकोला घाटावरच्या क्षयाच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं, पोर माझ्या मांडीवर टाकली आणि रजा संपायच्या आत परत गेला. मला मूल नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि नवस ऐकून ऐकून देवही कंटाळले होते. शेजारच्या येसूबाईच्या शेळीचं दूध, त्यात निम्मं पाणी घालून, बोंडल्याने घोट घोट पाजत मी ती पोर जगवली. तिचा गोवर मी काढला, दात येताना रात्री मी जागले, तिचं पहिलं पाऊल माझ्या पडवीत पडलं. ती मला आय म्हणायला लागली तेव्हा आपण कुणाचं काही चोरतोय असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

ती अडीच वर्षांची झाली आणि नीरा परत आली. सत्तावन्न सालचा शिमगा नुकताच झाला होता. बाई बरी होऊन आली होती, गालही भरले होते. रोग गेला असा डॉक्टरचा कागद तिच्याकडे होता. मला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी मी तो वाचला नसता. ती दारात उभी राहिली आणि पायावर पाणी घ्यायचं सोडून आधी पोरीकडे हात पसरले. काशी माझ्या लुगड्याआड लपली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. दोन वर्षं राबायचं मी, आणि पोर चालायला बोलायला लागली की उचलून न्यायची हिने.

दुसऱ्या दिवशी नीराने आपली पत्र्याची पेटी उघडली आणि त्यातून त्या चड्ड्या काढल्या. सहा होत्या. बाहेरून मांजरपाट, आतून जुन्या लुगड्याचे चार पदर, आणि मधोमध, जिथे ओल धरते तिथे, धोतराची जाड घडी टाके घालून बसवलेली. कमरेला नाडी. दवाखान्यातल्या कुणा नर्सबाईने तिला हे शिवायला शिकवलं होतं. मूल ओलं झालं तर ते त्याचं त्याला कळावं, पण जमीन भिजू नये, असा तो बेत. चड्डी धुवायची, उन्हात वाळवायची, परत चढवायची. थोड्या थोड्या वेळाने पोरीला बसवायचं. जमलं तर पाठीवर हात फिरवायचा, नाही जमलं तर रागवायचं नाही. महिना-दीड महिन्यात मूल शिकतं म्हणे. नीरा हे मला असं समजावून सांगत होती, जसं काही मी दोन वर्षं या घरात माशा मारत बसले होते.

आमच्या वाडीत मूल चार वर्षांचं होईतो उघडंच फिरतं. बाई दोन्ही पाय पुढे पसरून बसते, पोराला आपल्या पावलांवर बसवते, तोंडाने शूऽऽ करते, की काम झालं. मधेच घरात कुठे झालं तर वर चुलीतली राख टाकायची, झाडून काढायचं आणि शेणाचा हात फिरवायचा. पोराला कुणी शिकवत नाही. दुसऱ्या पोरांचं बघून ते आपलं आपण शिकतं. पी हळद आणि हो गोरी, असं कुठे होतं का? मी नीराला सांगितलं की चैत्र-वैशाखाच्या काहिलीत पोरीच्या ढुंगणाला चार पदर बांधलेस तर घामोळ्यांनी मारशील तिला.

ती शांत होती. तिचा तो शांतपणाच मला सोसवत नव्हता. ती म्हणाली, "आक्का, पोर तुमी जगवलीत, त्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाय. पन आता तिला माजी वळख होऊं द्या."

"वळख व्हायला चड्डी कशाला लागते?" मी विचारलं.

तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं. अनंताला परळला अर्धी खोली मिळाली होती. उरलेल्या अर्ध्या खोलीत दिघीकडचा चांगदेव आणि त्याची बायको राहायची. एकच खोली, एकच मोरी, त्यातच चूल आणि त्यातच देव. बायको नसलेल्या माणसाला चांगदेव खोलीत घ्यायला तयार नव्हता, आणि जमिनीवर मुतणारं पोर त्याच्या बायकोला नको होतं. म्हणून अनंताने कळवलं होतं, बोटी बंद व्हायच्या आधी मी वैशाखात येतो. तोवर काशी शिकली असेल तर दोघींना नेतो. नसेल शिकली तर नीरा एकटी येईल आणि पोर वैनीजवळ राहील, दिवाळीपर्यंत. पावसाळ्यात आगबोट चालत नाही आणि बोट चालू झाली तरी त्याला लगेच रजा मिळणार नव्हती.

म्हणजे गणित सरळ होतं. काशी कोरडी राहायला शिकली तर ती जाणार. नाही शिकली तर माझ्याकडे राहणार. नीराला अजून एक पावसाळा पोरीवाचून काढायचा नव्हता. मला पोरीवाचून एकही काढायचा नव्हता. दिवाळीचं दिवाळीला बघता आलं असतं.

त्या दिवसापासून आम्हा दोघींचं वैर सुरू झालं, आणि ते मी सुरू केलं.

नीराने परसात दोन विटा मांडल्या, त्यांच्या मधे फुटक्या माठाचं खापर ठेवलं आणि त्यात राख घातली. काशीला ती तिथे बसवायची, समोर स्वतः उकिडवी बसायची आणि गोष्टी सांगायची. खापर भरलं की केळीच्या बुडाशी ओतायची. काशीला त्या विटांची मजा वाटायची, पण काम मात्र ती तिथे करायची नाही. उठून दोन पावलं गेली की चड्डीत. नीरा हसून चड्डी बदलायची. दिवसाला सहाच्या सहा ओल्या व्हायच्या. काशी विटांवर का करत नाही ते मला ठाऊक होतं. तिला माझ्या पावलांची सवय होती. मी पाय पसरून शूऽऽ केलं असतं तर पोर लगेच मोकळी झाली असती. मी ते नीराला सांगितलं नाही.

आधी मी विहिरीवरचं धुणं बंद पाडलं. आमची विहीर पाच घरांत मिळून आहे. मी पाणी भरता भरता बायकांत सोडून दिलं की चड्ड्यांचं लुगडं दवाखान्यातलं आहे, क्षयाच्या अंगावरचं. ते लुगडं नीराच्या आईचं होतं. आमच्यात बाळाला पहिलं कापड आजोळचं, आजीच्या नेसून मऊ झालेल्या लुगड्याचं घालतात, आणि काशीचं ते राहून गेलं होतं, म्हणून म्हातारीने पालीहून मुद्दाम दवाखान्यात पाठवलं होतं. मला हे माहीत होतं. तरी मी बोलले. दुसऱ्या दिवशी बायकांनी नीराला विहिरीच्या पायरीवर बसू दिलं नाही. त्यांनी तिला तोंडावर काही म्हटलं नाही, नुसत्या आपल्या कळश्या उचलून बाजूला झाल्या. मग ती चड्ड्या घेऊन व्हाळावर जायला लागली. व्हाळ चैत्रात आटतो, लांब एका कोंडीत गुडघाभर पाणी उरतं. तिथे दगडावर राखेचं पाणी घालून ती चड्ड्या चोळायची, आणि येताना चढावर दोनदा बसायची. तिची छाती अजून तेवढी भरली नव्हती. मला दया आली का, तर नाही आली. हगणाऱ्याला नसली तरी बघणाऱ्याला लाज असावी म्हणतात. मी बघत होते आणि मला लाज वाटत नव्हती.

मग वाळवणं. ती चड्ड्या वईवर, म्हणजे कुंपणावर, उन्हात टाकायची. ती आत गेली की मी त्या उचलून फणसाच्या सावलीत टाकायची. खाडीवरचं वारं खारट, सावलीत कापड दिवसभर दमट राहतं. दमट चड्डीने काशीच्या मांड्या लाल झाल्या. पोर चड्डी बघितली की रडायला लागली. मला वाटलं, जिंकले. नीराने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासून चड्ड्या वाळेपर्यंत वईजवळ जाऊन बसायला लागली. काशीच्या मांड्यांना खोबरेल लावून तिने तिला दोन दिवस उघडी ठेवली आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एकदा मी तिला म्हटलं की नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी तूच कंटाळशील. ती म्हणाली, दवाखान्यात सातशे दिवस मी छताकडे बघत पडले होते, मला कंटाळा येत नाही. असलं बोलणं ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची. सहानुभूती मागत असती तर मी दिली नसती, पण मागत नव्हती याचाही मला राग होता.

आता जे सांगायचं ते अवघड आहे.

गुढीपाडवा होऊन बारा-पंधरा दिवस झाले असतील. मी अंगणात चिंच फोडत बसले होते. नीरा वईजवळ चड्ड्या पसरत होती. काशी मधे कुठेतरी मातीत खेळत होती. अचानक ती उठली, दोन्ही गुडघे जवळ घेतले आणि धावत आली. नीरा तिला जवळ होती, मी लांब. तरी ती माझ्याकडे आली. माझा पदर ओढून म्हणाली, "आय, शू आली."

जन्मात पहिल्यांदा तिने ते आपण होऊन सांगितलं. कुठल्याही बाईने अशा पोरीला डोक्यावर घेतलं असतं, आणि ती तर सगळ्यांना सोडून माझ्याकडे आली होती. पण माझ्या मनात एवढंच आलं, की ही शिकली, ही आता जाणार. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. चांगला पिळून काढला. दबक्या आवाजात म्हटलं, "गप. सांगायचं न्हाय."

ती रडली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि तिथेच चड्डी ओली झाली. मी नीराला हाक मारली, बघ तुझी शिकलेली.

असं मी चार वेळा केलं. चारच वेळा. आम्ही लहानपणी फोकाचे मार खाल्ले, त्यापुढे चार चिमटे म्हणजे काय. पाचव्यांदा ती माझ्याकडे सांगायला आली नाही. मला वाटलं, विसरली. पोरं शिकतात तशी विसरतात. मी खूश होते.

पुढे राब भाजायचे दिवस आले. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा, कवळं, शेण पसरून ते पेटवतात, आणि त्या कामाला घरातली सगळी माणसं लागतात. नीराला डॉक्टरने धुरात जायला मनाई केली होती. म्हणून मी आणि आमचे हे सकाळी जायचो ते ऊन उतरल्यावर यायचो, आणि दिवसभर घरात त्या दोघीच. मी आले की हातपाय धुवून उंबऱ्यावर बसायची आणि काशीला मांडीवर ओढायची. थोड्या वेळात मांडी ओली व्हायची. रोज. मी जाणूनबुजून मोठ्याने सांगायची, येसूबाईच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं, की महिना होत आला, पोरीला काही येत नाही.

नीरा म्हणायची, दिवसभर कोरडी होती. आज दोनच चड्ड्या लागल्या. आज एकच लागली. मी म्हणायची, खोटं बोलतेस. तिच्या तोंडावर म्हणायची. माझी मांडी भिजलेली होती, मी दुसरं काय मानणार?

वैशाखात अनंता आला. येताना बोटीची तारीख घेऊनच आला, सहा दिवसांनंतरची, त्यानंतर मोसमात एकच बोट उरली होती. त्याने पोरीला खाऊ दिला, मग आम्हा दोघींना समोर बसवून विचारलं. नीरा म्हणाली शिकली. मी म्हणाले नाही शिकली. तो बिचारा कुणाचं ऐकणार. त्याने ठरवलं की दुसऱ्या दिवशी तो घरात बसेल आणि स्वतः बघेल. चांगदेवाच्या बायकोला शब्द द्यायचा होता, वाऱ्यावर बोलून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी राबावर गेले नाही. सकाळपासून पडवीत सगळे बसून होते, जणू पंच बसले होते. येसूबाईही आली, कामाचं निमित्त काढून. काशी उठली, नीराने तिला विटांवर बसवलं, काम झालं. न्याहरी झाली. थोड्या वेळाने काशी आपण होऊन नीराच्या कानाशी लागली, दोघी परसात जाऊन आल्या. अनंताने चड्डीला हात लावून बघितलं, कोरडी. दुपार झाली, पुन्हा तेच. येसूबाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. आमचे हे खांबाला टेकून तंबाखू मळत होते.

मी म्हटलं, ही सगळी आईच्या नजरेची जादू आहे, माझ्याकडे द्या जरा. नीराने क्षणभर पोरीला धरून ठेवली. मग अनंताने दे म्हटलं, म्हणून दिली.

काशी माझ्या मांडीवर आली. मी तिच्याशी गोड बोलत होते, हेही सांगते. लबाडी काही केली नाही. तिला शेंगदाणे दिले. तिने मुठीत धरले, खाल्ले नाहीत. मी शंभर अंक मोजायच्या आत माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. चड्डीतून खाली आलं, चार पदर असून.

मी उठून उभी राहिले आणि ओलं लुगडं सगळ्यांना दाखवलं. बोलायची गरजच नव्हती. अनंताने कपाळाला हात लावला. चांगदेवाची बायको म्हणजे काय बला आहे ते त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, राहू दे पोर वैनीजवळ, दिवाळीला बघू. नीराने काशीला उचललं, चड्डी बदलली आणि आत जाऊन बाकीच्या चड्ड्यांच्या घड्या घालायला लागली. रडली नाही की भांडली नाही.

मी जिंकले होते. मी मागच्या परसात लुगडं पिळायला गेले. इतका हलकेपणा मला लग्नातही वाटला नव्हता.

आमचे हे मागून आले. ते कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा दुसरीकडे बघून बोलतात. केळीकडे बघत म्हणाले, "पोर तुला भिते."

मी विचारलं, कशावरून.

"मी बघितलाय तुजा चिमटा. दोनदा बघितला आन गप बसलो, त्ये माजं पाप. आता बी मी कुनाला सांगनार न्हाय. ऱ्हाईल पोर तुज्यापाशी. पावसाळाभर भिऊन ऱ्हाईल."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्ही कुणाच्या बाजूचे, तुम्हाला मूल नको होतं का, दोन वर्षं कुणी हागमूत काढलं या पोरीचं. ते ऐकून घेऊन निघून गेले.

मग मी तिथेच केळीजवळ मातीत बसले, दोन्ही पाय पसरले, जसे दोन वर्षं रोज सकाळी पसरत होते, आणि काशीला हाक मारली. ती दारातून आली. मी तिला म्हटलं, ये, बस पायावर. ती आली, पण हातभर लांब थांबली. मी शूऽऽ केलं नाही, पुन्हा बोलावलं नाही, हात उचलला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या हाताकडे बघत होती, मांडीवर ठेवलेल्या. बघता बघता तिच्या पायांवरून ओघळ आला. नवीन चढवलेली चड्डी, घटकाही झाली नव्हती.

ती शिकली होती. केव्हाच शिकली होती. फक्त माझ्यासमोर तिला धरवत नव्हतं.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. पश्चात्ताप वगैरे नंतर. आधी राग आला, नीराचा, नवऱ्याचा, त्या न बघितलेल्या नर्सबाईचा. मग या हाताचा. त्या हाताने मी तिला बोंडलं धरलं होतं.

मी तशीच उठून ओल्या लुगड्याने पडवीत गेले. येसूबाई अजून होती, असू दे म्हटलं. अनंताला म्हणाले, "न्या पोरीला. शिकलेली हाय. माज्याजवळच मुतते ती, मला भिऊन. चिमटे काढलेत मी तिला, सांगायला आली म्हनून."

नीरा आतून दारात आली. मला वाटलं आता ही माझ्या अंगावर येईल, आणि आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. मांडीवर निळे डाग पयल्या दिवशीच बघितले."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"बोलले असते तर तुमी पोर माज्या हाती सोडलीच नसती. घर तुमचं, पोर तुमच्या अंगाखांद्यावरची. कुनी ऐकलं असतं माजं?" आणि मग, "तुमचे उपकार हायत, आक्का. त्ये फेडीन कदी तरी. पन पोर पुन्हा तुमच्या हातात देनार न्हाय."

एवढं बोलून ती आत गेली. त्यानंतरच्या पाच दिवसांत आम्ही एकमेकींशी बोललो ते मीठ आणि पाण्यापुरतं. अनंता माझ्याकडे बघायचं टाळत होता. येसूबाईने वाडीभर सांगितलं असणार, कारण विहिरीवर आता माझ्यासाठी कळश्या बाजूला व्हायला लागल्या. नीराला मात्र पायरीवर जागा झाली. मी राबावर जायची आणि अंधार पडायच्या बेताला यायची, काशी जेवून निजलेली असायची. जागी असली तर मी मागच्या दाराने आत जायची. पाच दिवस त्या घरात चड्डी भिजली नाही.

जायच्या दिवशी बैलगाडीने सगळे आगरदांड्याला गेलो. मीही गेले. जायला नको होतं, असं आमचे हे म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात होतं. धक्क्यावर गर्दी होती, बोटी बंद व्हायचे दिवस, सगळ्या कोकणाला मुंबई गाठायची होती. धक्क्यावरून मचव्याने मोठ्या बोटीपर्यंत जायचं आणि मग दिवसभर बोटीवर, माणसांच्या आणि गाठोड्यांच्या मधे. काशीच्या अंगावर एक चड्डी होती आणि पाच वरच्या गाठोड्यात, हाताला लगेच लागतील अशा.

आमच्याकडे रीत आहे. लहान पोर दूर जाताना घरातल्या थोरल्या बाईने त्याला उचलून घ्यायचं, तोंडात साखर घालायची, मग गाडीत नाहीतर बोटीत चढवायचं. मी पुडीत साखर बांधून आणली होती. येसूबाई, चार शेजारणी, सगळ्या बघत होत्या. मी नीरासमोर जाऊन उभी राहिले. नीराने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतली, माझ्यापासून लांब.

आणि तिच्या खांद्यावरून काशीने माझ्याकडे दोन्ही हात पसरले. "आय," म्हणाली. "आय, घे."

नीरा थबकली. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. शब्द दिला होता तिने, पुन्हा हातात देणार नाही म्हणून, तरी पोरीचे हात बघून ती थांबली. एक पाऊल माझ्याकडे आलीसुद्धा. मी दोन वर्षं त्या हातांसाठी जगले होते. पण मी घेतली असती आणि तिची चड्डी भिजली असती तर? तिथे, धक्क्यावर, सगळ्यांसमोर, अनंता बघत असताना. त्याच्या मनात आधीच धाकधूक होती. पोर मागे ठेवायला त्याला एक ओली चड्डी पुरली असती.

मी साखरेची पुडी येसूबाईच्या हातात दिली आणि माझे दोन्ही हात पदराखाली घेतले.

येसूबाईने काशीच्या तोंडात साखर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दगड हाय बाई ही." कुणी तिला गप केलं नाही. काशीचे हात थोडा वेळ तसेच होते, मग तिने खाली घेतले. नीराचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. ती वळली आणि अनंताच्या मागून मचव्यात उतरली.

मचवा हलला तेव्हा काशी रडत होती, साखर तोंडात धरून. नीराने तिला मांडीवर घेतलं, खाली हात घालून चड्डी चाचपली आणि अनंताकडे बघून मान हलवली. कोरडी होती. मी तेवढंच बघायला थांबले होते.